बस्ती गल्लीचा ओटीपी

खुलासा अर्ज, नमुना ९
(औषधसाक्षी पोर्टलवरील संशयास्पद नोंदींबाबत. सर्व रकाने भरणे बंधनकारक आहे. जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा.)

रकाना १. अर्जदाराचे पूर्ण नाव

सुकुमार तवनाप्पा मगदूम.

रकाना २. वय व व्यवसाय

अठ्ठावन्न. निपाणीतल्या एका हायस्कुलात चित्रकला शिक्षक. या रकान्यात एवढंच लिहायचं असतं हे मला कळतं. पण आपल्या नोटिशीत माझं वर्णन 'ग्राहक, वर्तन संशयास्पद' असं केलेलं असल्यामुळे नोंदवतो, की मी चहासुद्धा अर्धा कप घेतो, आणि तोही कुणी फारच आग्रह केला तर.

रकाना ३. अर्जाची भाषा

नोटीस कन्नडमध्ये आली, खुलासा मराठीत आहे आणि औषधांची नावं इंग्रजीत आहेत. तिन्ही मला येतात. भाषेबद्दल माझी काहीही तक्रार नाही हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या भागात कुठलंही प्रकरण सुरू कशावरूनही झालं तरी शेवटी तिकडेच जातं.

रकाना ४. सदर औषधे कोणासाठी घेतली? (दहा शब्दांत)

आईसाठी.

एक शब्द झाला. उरलेल्या नऊ शब्दांत बस्ती गल्ली मावत नाही. कागद जोडतो.

जोडलेला कागद १

आमचं गाव निपाणीपासून सहा किलोमीटर. जैन बस्तीसमोरची, म्हणजे जैन मंदिरासमोरची गल्ली ती बस्ती गल्ली. तिथे मी, माझी पत्नी अनुराधा आणि माझी आई धोंडूबाई राहतो. आईचं वय शहात्तर. तीन वर्षांपूर्वी तिला कंबरेला नागीण झाली. नागीण गेली, दुखणं मागे ठेवून गेली. कंबरेपासून टाचेपर्यंत शिरेतून वीज जाते म्हणते. त्यावर कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली, रात्री झोपताना.

आता आई सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाही. तिची आई घेत नव्हती, आजी घेत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "आजी, गोळी म्हणजे काय जेवण न्हवे." आई म्हणाली, "पोटात जाती न्हवं? मग जेवणच." दोघांचं सव्वा तास चाललं. शेवटी त्या मोठ्या डॉक्टरांनी पेन काढून 'रात्री झोपताना' खोडलं आणि 'सूर्यास्तापूर्वी' असं लिहिलं. तशी चिठ्ठी अख्ख्या दोन राज्यांत एकच असेल.

या गोळीने नशाही करतात म्हणे, म्हणून ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही. यंदापासून राज्याने नियम आणला, की अशी चिठ्ठीवरची औषधं कुणी, किती आणि कितीदा घेतली हे पोर्टलवर चढवायचं. ज्याच्या मोबाईलवर ओटीपी येईल तो ग्राहक. नियम चांगला आहे. झोपेच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या विकणारे लोक आहेत, त्यांना चाप बसायलाच हवा. आम्ही त्यातले नाही. आम्ही वेगळ्या प्रकारचे गुन्हेगार आहोत. आम्ही शेजारी आहोत.

आमच्याकडची पद्धत अशी, की गावातून निपाणीला रोज जाणाऱ्या माणसाच्या पिशवीवर सगळ्या गल्लीचा हक्क असतो. मी तीस वर्षं रोज जातो. या पिशवीतून मी शिवणयंत्राचे बॉबिन, पीठ चाळायच्या चाळण्या, कुणाची कवळी आणि एकदा जिवंत कोंबडी आणलेली आहे. आम्ही जैन. कोंबडी कोणाची होती ते मी तेव्हाही विचारलं नाही. तर चिठ्ठ्याही येणारच. मी बसला निघालो की कुणी खिडकीतून, कुणी अंगणातून, कुणी नुसता हात बाहेर काढून चिठ्ठी देतं. संध्याकाळी मी औषधं आणतो, आई ती स्टीलच्या डब्यात ठेवते आणि ज्याचं त्याला देते.

शाळेसमोर मेडिकल आहे ते वृषभचं. वृषभ माझा विद्यार्थी. चित्रकलेत त्याला मी शंभरपैकी अकरा मार्क दिले होते, आणि तेही कागदाची घडी नीट घातली म्हणून. पोर्टल सुरू झालं त्या दिवशी तो म्हणाला, "सर, सगळ्यांस्नी तुमचाच नंबर टाकतो. तुमी हितं समोर हुबं हाय. त्या म्हाताऱ्यास्नी फोन लावून ओटीपी इचारायचा म्हंजे दिवाळी येईल."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. चित्रकला शिक्षकाला कोणी महत्त्वाच्या कामासाठी विचारत नाही. इथे राज्य सरकार दिवसातून तीनदा मला सहा आकडे पाठवत होतं.

सात महिने.

रकाना ५. नोंदी संशयास्पद असल्याचे प्रथम केव्हा समजले?

सोमवारी, दुपारी सव्वा चारला, आठ गिऱ्हाइकांसमोर.

आईच्या गोळ्यांच्या डबीत सहा गोळ्या उरल्या होत्या. मी चिठ्ठी दिली. वृषभने कॉम्प्युटरवर बोटं चालवली आणि पडदा लाल झाला.

"सर," तो म्हणाला, "तुमी लॉक झालाय."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमाला आता चिठ्ठीवरचं काय मिळायचं न्हाय. तुमी लई औषध खाल्लंय."

हळू बोलणं वृषभला शाळेतही येत नव्हतं. मागे रांगेत माझ्या दोन विद्यार्थ्यांचे पालक होते. त्यातल्या एकाने, मी पडलो तर धरावं म्हणून, माझ्या काखेत हात घातला.

नियमाप्रमाणे वृषभला चिठ्ठीवर शिक्का मारावा लागला: 'विक्री स्थगित'. जांभळा, तळहाताएवढा. 'सूर्यास्तापूर्वी' त्याखाली गेलं. वर त्याने मला सात महिन्यांची यादी छापून दिली. ती मी बसमध्ये वाचली आणि मलाच माझी काळजी वाटली. मगदूम सुकुमार तवनाप्पा, पुरुष, ५८, यांनी सात महिन्यांत घेतलं होतं: शिरांच्या दुखण्याचं, भीती कमी होण्याचं, खोकल्याचं (बाटल्या चौदा), केस उगवण्याचं आणि गर्भ टिकण्याचं.

रकाना ६. दरम्यान औषध मिळविण्यासाठी केलेले प्रयत्न

मंगळवारी सेवा केंद्रात आईचं स्वतःच्या नावाने खातं काढायचा प्रयत्न केला. मोबाईल नाही, तर अंगठा लागतो. अंगठा जुळेना. साठ वर्षं भाकरी थापून रेषा गेल्यात. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. आईने तेविसाव्यांदा अंगठा ठेवला आणि केंद्रातल्या मुलीला म्हणाली, "बाई, त्या मशीनचाच अंगठा तपासा."

बुधवारी सीमा ओलांडून कागलला गेलो. तिथल्या मेडिकलवाल्याने शिक्का पाहून चिठ्ठी चिमटीत धरून परत दिली. "हे कर्नाटकाचं लफडं हाय. हिकडं आणू नका." नवी चिठ्ठी घ्यावी म्हणून कोल्हापूर गाठलं, तर डॉक्टर नातवाच्या बारशाला परदेशी, पंधरा दिवस. त्यांच्या जागी बसलेले तरुण डॉक्टर चांगले होते. त्यांनी माझं नाव पोर्टलवर घालून पाहिलं, खुर्ची जरा मागे सरकवली आणि मला एक ग्लास पाणी पाजलं.

रोज संध्याकाळी मी घरी येऊन "उद्या नक्की" म्हणत होतो. आई "बरं" म्हणत होती. आई दुखणं बोलून दाखवत नाही. दुखलं की ती दिव्याच्या वाती वळते. एरवी दिवसाला पन्नास-साठ. मंगळवारी दोनशे झाल्या. गुरुवारी बस्तीतल्या पुजाऱ्यांनी निरोप पाठवला, की वाती पुढच्या वर्षापर्यंत पुरतील, आता बास.

रकाना ७. कुटुंबीयांना सदर व्यसनाची कल्पना होती काय?

हा प्रश्न अनुराधाला दाखवला. ती म्हणाली, हा रकाना मी भरते. मी भरू दिला नाही.

झालं असं, की यादी मी शर्टाच्या खिशात विसरलो आणि शर्ट धुवायला गेला. अनुराधा यादी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. चौदा बाटल्यांबद्दल तिने विचारलं नाही. केसांबद्दल विचारलं नाही, माझ्या डोक्याकडे फक्त एकदा पाहिलं. मग म्हणाली, "हे शेवटचं कुणासाठी?"

आणि मला ते सांगता येत नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. चिठ्ठ्या देताना प्रत्येकाने मला काहीतरी घातलं होतं, कुणी शपथ, कुणी गळ. शेजारच्या गुंडूआप्पांनी बस्तीच्या पायरीवर हात ठेवायला लावला होता. आता मी नावं सांगितली असती तर पाच मिनिटांत सुटलो असतो, आईला गोळी मिळाली असती. पण चित्रकलेचा मास्तर आहे, दुसऱ्याचं झाकलेलं चित्र उघडत नाही. (हे वाक्य बसमध्ये सुचलं होतं. तेव्हा फार बरं वाटलं. अनुराधाला ऐकवलं तेव्हा तितकं बरं वाटलं नाही.)

"शेजाऱ्यांचं आहे," मी म्हणालो.

"कुठल्या शेजारणीचं?"

त्यानंतर पाच दिवस तिने मला 'अहो' म्हटलं नाही. "पानं वाढलीयत," असं ती भिंतीला सांगायची.

रकाना ८. शेजारी अथवा परिचितांनी केलेले सहकार्य

पुष्कळ केलं. नोटीस शाळेच्या पत्त्यावर आली, त्यामुळे गावाला माझ्याआधी कळली. सुनावणी लगेच पुढच्या सोमवारी, बेळगावात. हेडमास्तरांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मगदूम सर, मन मोकळं करा." शाळेत दर वर्षी व्यसनमुक्ती चित्रकला स्पर्धा असते. अठरा वर्षं मीच परीक्षक. यंदा ते काम पी.टी.च्या सरांना दिलं. त्यांना निळा आणि जांभळा यांतला फरक कळत नाही. पण ते शुद्धीत असतात, असं ठरलं.

रविवारी सकाळी गुंडूआप्पा आले. गुंडूआप्पा म्हणजे एके काळचे पैलवान. अजूनही दारातून तिरके आत येतात.

"सर," ते म्हणाले, "सरळ सांगून टाका, मीच सगळं खाल्लं. वय झालंय तुमचं, माफ करत्यात."

"अहो आप्पा, वय तुमचं झालंय. मी अठ्ठावन्नचा आहे."

"मग आणि बरं. दोन-चार म्हैन्यांत सुधारशीला."

तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या नागुबाई आल्या. त्या दारातच खोकल्या, मग म्हणाल्या, "सर, माझं नाव न्हाय न्हवं यायचं? वखारीच्या मालकाला कळलं तर उद्यापास्नं येऊ नको म्हणंल." मी म्हणालो, नाही येणार. कोपऱ्यावरच्या मालुबाई आल्या, त्यांचं यादीत काहीच नव्हतं. त्या नुसत्या बघायला आल्या होत्या. त्यांच्यामागे त्यांची सून पूर्णिमा उभी होती. तिने सासूच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मान इतकी बारीक हलवली, की ते फक्त पोर्ट्रेट काढणाऱ्यालाच दिसावं.

मग ठरलं, की सरांना एकट्याला बेळगावला पाठवायचं नाही. क्रूझर गाडी सांगितली. सगळे आले. माझ्या पाठीशी उभं राहायला आले असं प्रत्येकाने सांगितलं. वाटेत माझ्या लक्षात आलं, की प्रत्येकजण माझ्या तोंडावर नजर ठेवायला आला होता. मालुबाई तेवढ्या खऱ्या: "मी कुंदा घ्यायला आल्ये," असं त्यांनी हत्तरगीच्या आधीच जाहीर केलं. अनुराधाही आली, गाडीतल्या बायका एकेक करून निरखत. वृषभला विक्रेता म्हणून वेगळी नोटीस होती. तो पुढच्या सीटवर, उकाड्यातही लोकरीची टोपी घालून बसला होता. आणि मधल्या सीटवर आई, मांडीवर जेवणाचा डबा, हातात गोळ्यांची डबी.

मी हिशेब करत होतो. सहा गोळ्या, सोमवार ते शनिवार. शनिवारी डबी रिकामी व्हायला हवी होती. रविवारी मी ती हळूच हलवून पाहिली होती, आत काहीतरी वाजलं. सुपारीचं खांड असेल म्हणून उघडली नाही. उघडायचा धीर झाला नाही, असं लिहायला हवं.

रकाना ९. सुनावणीचा तपशील (कार्यालयाने भरावा)

कार्यालयाने भरलेला नाही, म्हणून मी भरतो.

वेळ अकराची होती. अकराला वीज गेली. बारा वाजता वीज आली, सर्व्हर गेला. दोन वाजता सर्व्हर आला, ऑपरेटर जेवायला गेला. या मधल्या वेळात मालुबाई कॅम्पातून कुंद्याचा एक किलोचा बॉक्स घेऊन, दोन ठिकाणी चव पाहून परत आल्या. औषध निरीक्षक हिरेमठ मॅडम तपासणीवरून आल्या तेव्हा पाच चाळीस झाले होते. त्यांनी आमची गर्दी पाहिली.

"येन्री इदु, काय हे? वऱ्हाड आलंय की काय?"

"एकच आरोपी हाय, मॅडम," गुंडूआप्पा म्हणाले. "बाकी पाव्हणं."

मॅडमनी यादी समोर ठेवली. चष्मा लावला. त्यांचं मराठी चांगलं आहे, फक्त प्रत्येक वाक्य त्या दाराला कडी लावल्यासारखं संपवतात.

"सर, हे सगळं तुम्ही घेतलं?"

मी मागे पाहिलं. चार जोड डोळे माझ्या ओठांवर होते. आईचे मात्र खिडकीवर. बाहेर ऊन पिवळं पडायला लागलं होतं.

"होय," मी म्हणालो.

"भीतीची गोळी?"

"घेतली."

"भीती कशाची?"

"वर्गाची."

"खोकल्याच्या चौदा बाटल्या?"

"खडूची धूळ असते."

"केस उगवायची गोळी?" त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे ट्यूबलाईटचं प्रतिबिंब पडलं असावं, कारण त्यांनी डोळे बारीक केले.

"गुण आला नाही," मी म्हणालो.

"आणि ही? ही बाळंतपणाच्या आधीची आहे, सर."

"अशक्तपणा होता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कितवा महिना?"

मागे कुणीतरी हसलं. बहुतेक शिपाई. त्या क्षणी तीस वर्षांची माझी नोकरी, अठरा वर्षांचं परीक्षकपद आणि सरळ रेघ या सगळ्यांवरून एक म्हैस चालत गेल्यासारखं वाटलं. तरी मी म्हणालो, "सही कुठे करू?"

"सही करा, हरकत नाही. मग नियमाप्रमाणे सहा महिने लॉक, आणि दर शनिवारी समुपदेशन."

सहा महिने. मी पेन उचललं. म्हणजे उचललं असं वाटलं, कारण ते आईच्या हातात होतं. ती कधी उठून टेबलापर्यंत आली ते कळलं नाही. तिने पेनाचं टोपण लावलं.

"दिवस किती वाजता मावळतो गं आज?" तिने मॅडमना विचारलं.

मॅडम गोंधळल्या. "पावणेसात... सात असेल, आजी."

"मला त्याच्या आत जेवायचं हाय. ह्याला काय सांगता येत न्हाय, हा बापावर गेलाय." मग आई वळली. माझी आई साडेचार फूट आहे. "सात म्हैने डबा कुणाच्या घरात व्हता? कुणाची कुठली पुडी ते मला ठाव न्हाय व्हय? हा माझा पोरगा तुमच्यापायी गरवार राहिला तरी तुमी गप. आता पटापटा बोला. गुंडू, ऊठ!"

गुंडूआप्पा उभे राहिले. छत जरा खाली आल्यासारखं वाटलं.

"भीतीची माझी," ते म्हणाले. "चार वर्साखाली अंगावर पाल पडली. तवापास्नं घरात एकट्याला बसवत न्हाय. छाती धडधडती."

कोणी हसलं नाही. म्हणजे वृषभ हसला, पण आईचं लगेच त्याच्याकडे लक्ष गेलं.

"टोपी काढ रं," ती म्हणाली.

वृषभने टोपी काढली. त्याच्या टाळूवर, वाळवंटात मनरेगाची झाडं लावल्यासारखे, ओळीत चौदा-पंधरा केस उभे होते. "लग्न ठरना सर," तो मला म्हणाला, मॅडमना नाही. "माझ्या नंबरवर माझंच औषध टाकायला लाज वाटली." आणि तो माझ्यापेक्षा जास्त रडवेला झाला. मी त्या अकरा मार्कांत मनातल्या मनात आणखी चार टाकले.

नागुबाई आपणहून पुढे आल्या. "चौदा बाटल्या माझ्या एकटीच्या न्हाईत, बाई. वखारीत आमी अकराजणी. तंबाखू निवडताना धूळ बसती छातीत. एक बाटली, एक चमचा, सगळ्याजणी." मॅडमनी वेगळा कागद घेतला, वखार कुठली ते विचारलं नाही, आणि अकराजणींच्या छातीच्या तपासणीचं लिहायला घेतलं. आपलं पोर्टल ज्याच्यासाठी केलं असेल ते काम त्या दिवशी तेवढंच झालं असं मला वाटतं.

उरली ती शेवटची ओळ. अनुराधा भिंतीला टेकून उभी होती. आईचा आवाज एकदम खाली आला.

"पूर्णिमा, तू बसूनच सांग. जिना चढून आल्यास."

पूर्णिमा पदर सावरून बसली. बोलायची गरज नव्हती, मालुबाई सोडून सगळ्यांना कळलं. मालुबाई म्हणाल्या, "बसून का? मी पण जिना चढून आल्ये की. मला कोण बस म्हण..." आणि थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तो 'बसून' आत शिरताना मी पाहिला, रंग ओल्या कागदात पसरतो तसा.

"मिलिटरीतनं सुट्टीवर आल्यावर पहिल्यांदा ह्यास्नी सांगायचं व्हतं," पूर्णिमा पुटपुटली. "आत्तींना सांगितलं असतं तर सांजच्याला कोगनोळीच्या टोलनाक्यावर कळलं असतं."

"कळलंच असतं!" मालुबाई ओरडल्या. "का कळू नये? टोलवाला काय परका हाय?" आणि त्यांनी कुंद्याचा बॉक्स फोडला. शिपायाला दिला, ऑपरेटरला दिला, बाहेरच्या रांगेतल्या लोकांना दिला. हिरेमठ मॅडमच्या तोंडात स्वतःच्या हाताने घातला, त्यामुळे पुढची पाच मिनिटं शासनाला काहीही बोलता आलं नाही.

"अहो," कोणीतरी माझ्या कानाशी म्हणालं. "पाणी पिता का?" अनुराधा होती.

रकाना १०. प्रकरणाचा निकाल

लॉक निघाला. आईच्या अंगठ्याऐवजी मॅडमनी 'काळजीवाहू व्यक्तीचा क्रमांक' हा रकाना काढला. तो पहिल्यापासून पोर्टलवर आहे, फक्त दोनदा खाली सरकवावं लागतं. सात महिन्यांत आमच्यापैकी कोणी सरकवलं नव्हतं. प्रत्येकाचं खातं प्रत्येकाच्या नावाने उघडलं. मग मॅडमनी काळजीवाहूचा नंबर विचारला. गुंडूआप्पांनी माझा सांगितला. नागुबाईंनी माझा. पूर्णिमाने माझा. वृषभने तोंडपाठ म्हणून दाखवला. नात्याच्या यादीत आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी आणि इतर एवढेच पर्याय आहेत. त्यामुळे कायद्याने मी आता बस्ती गल्लीचा 'इतर' आहे.

सहा चाळीसला आम्ही क्रूझर रस्त्याच्या कडेला उभी केली. आईने घाईघाईने अर्धी भाकरी खाल्ली. मग डबी उघडली.

आत पाच तुकडे होते. नीट कापलेल्या पाच अर्ध्या गोळ्या.

"आई, हे काय?"

"तू सोमवारी मोकळ्या हातानं आलास, तवाच वळखलं," ती म्हणाली. "तू कुणाचं नाव घ्यायचा न्हाईस. मग लांबवायला नकोत व्हय? अर्धी अर्धी घेतली."

सात दिवस. मला बस्तीत पडलेल्या वातींचा ढीग आठवला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, म्हणजे कोणाला माझं तोंड दिसू नये. बाहेर उसाच्या शेतावर अजून चार बोटं सूर्य शिल्लक होता.

"आज दोन घेऊ दे," आई म्हणाली. "पाणी आण. पळ."

रकाना ११. यापुढे अन्य कोणत्याही व्यक्तीसाठी आपला क्रमांक देणार नाही, अशी हमी (सही)

न जोडलेला कागद
(हा फाईलला लावायचा नाही. घरी, आईच्या स्टीलच्या डब्यात.)

कार्यालयाच्या जिन्यावर हिरेमठ मॅडम मागून आल्या होत्या. आजूबाजूला पाहून म्हणाल्या, "सर, एक विचारू?" त्यांची आई बैलहोंगलकडे एकटी राहते. मोबाईल वापरत नाही. अंगठा जुळत नाही. आणि निरीक्षकाने स्वतःचा क्रमांक पोर्टलवर घालायचा नाही, असा नियम आहे. नियम त्यांनीच मला दाखवला.

काल संध्याकाळी मी वरच्या अकराव्या रकान्यात सही करायला बसलो. आई समोर वाती वळत होती. मी मोजल्या. एकोणचाळीस. पेनाचं टोपण काढलं आणि फोन वाजला. सहा आकडे. खाली लिहिलं होतं: शांतव्वा हिरेमठ, ७९, गुडघे. काळजीवाहू: इतर. पाठोपाठ मॅडमचाच फोन.

"सर, ओटीपी बंत? आला का?"

"आलाय. लिहून घ्या," मी म्हणालो आणि आकडे सांगितले. मग विचारलं, "मॅडम, तो अकरावा रकाना. हमीचा. भरू ना?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"तो राहू द्या, सर," मॅडम म्हणाल्या. "तो काही बंधनकारक नाही."